षष्ठीचा संशय : जुन्या बिलियर्ड-क्यूंचे वय आणि अस्सलपणा

एखादी वस्तू जुनी आहे असे म्हणणे आणि ती अस्सल आहे असे म्हणणे, ही दोन विधाने व्यवहारात एकमेकांत इतकी मिसळून गेलेली असतात की त्यांतील तार्किक अंतर सहसा लक्षात येत नाही. पहिल्या विधानाचा विषय द्रव्य आहे. लाकूड केव्हा तोडले गेले, केव्हा रंधले गेले, त्यावर लाखेचा लेप केव्हा बसला, या घटना कोणी पाहिल्या असोत वा नसोत, घडून गेलेल्या असतात. दुसऱ्या विधानाला द्रव्याखेरीज आणखी एका गोष्टीची गरज असते : त्या वस्तूविषयी आधी कोणीतरी काहीतरी म्हटलेले असावे लागते. रानात पडलेला ओंडका जुना असू शकतो. तो अस्सल किंवा बनावट असू शकत नाही. त्याच ओंडक्यातून घडवलेल्या काठीवर नाव कोरले, किंवा ती विकताना कोणी ‘ही अमक्याची’ असे म्हटले, की अस्सलपणाचा प्रश्न प्रथमच उद्भवतो. जुनेपण वस्तूत असते आणि अस्सलपण वस्तूविषयीच्या वाक्यात असते, ही भूमिका मान्य केली तर पारख या कृतीचे स्वरूप ज्ञानमीमांसेच्या कक्षेत पूर्णपणे मावत नाही. तिचा निम्मा भाग नीतीच्या प्रांतात येतो.

या प्रश्नाची चर्चा चित्रकलेतील नकलांच्या आधारे करण्याचा प्रघात आहे. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात केलेला भेद प्रसिद्धच आहे : चित्रासारख्या कृतींत कर्त्याच्या हाताचा इतिहास हाच कृतीच्या ओळखीचा भाग असतो, तर काव्यासारख्या कृतींत अक्षरे बरोबर असली की प्रत कोणाच्याही हातची चालते. बिलियर्डची काठी, म्हणजे क्यू, या दोन्ही वर्गांत नीट बसत नाही. ती कलाकृती नव्हे, साधन आहे. ती बहुधा कारखान्यातील निनावी कारागिरांनी केलेली असते. ती वापरासाठी असते, आणि वापर म्हणजे झीज. तरीही इंग्लंड-अमेरिकेतील संग्राहकांच्या जगात तिच्याविषयी तोच प्रश्न तितक्याच आवेशाने विचारला जातो. चित्राच्या बाबतीत सौंदर्याचा मुद्दा मध्ये येऊन चर्चा भरकटते. नक्कल जर तितकीच सुंदर असेल तर बिघडले कुठे, असे विचारण्याची सोय राहते. काठीच्या बाबतीत ही पळवाट नाही. जुन्या काठीने खेळ चांगला होतो असा दावा गंभीरपणे कोणी करीत नाही. तिच्याविषयीची आस्था केवळ तिच्या भूतकाळाविषयीची असते.

या साधनाचा इतिहास हा अक्षरशः शेपटीचा इतिहास आहे. गवतावर खेळला जाणारा खेळ टेबलावर आला तेव्हा चेंडू ढकलण्यासाठी पसरट लाकडी डोके असलेला दांडा वापरीत. त्याला ‘मेस’ म्हणत. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की ते डोके अडचणीचे ठरे. मग खेळणारा दांडा उलटा करून त्याच्या निमुळत्या शेपटाने चेंडू मारी. फ्रेंच भाषेत ‘क्यू’ म्हणजे शेपूट. उपांग असलेल्या शेपटाने पुढे मूळ डोक्याला हद्दपार केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स्वा मँगो या फ्रेंच खेळाडूच्या नावाशी जोडली गेलेली चामड्याची टिप प्रचारात आली, तिच्या जोडीला खडू आला, आणि चेंडूला फिरकी देणे शक्य झाले. लंडनच्या जॉन थर्स्टन यांच्यासारख्या कारखानदारांनी १८२०-३०च्या दशकांत टेबलाला पाटीचा दगड आणि रबराच्या कडा दिल्यावर खेळाचे आजचे रूप जवळजवळ सिद्ध झाले. पारखीच्या दृष्टीने या इतिहासातील टिपेचा भाग विशेष मार्मिक आहे. चामड्याची टिप झिजते, सुटते, बदलावी लागते. म्हणजे ज्या काठीने कोणी खरोखर खेळले आहे, तिच्यात ज्या ठिकाणी काठीचा चेंडूला स्पर्श होतो, नेमके तेच ठिकाण मूळचे राहत नाही. मूळची टिप शाबूत असलेली काठी सापडलीच, तर तिने फारसे कोणी खेळले नाही एवढेच सिद्ध होते.

मग वय ठरवायचे कशावरून? जुन्या इंग्रजी काठीचा दांडा बहुधा ॲश लाकडाचा असतो आणि बुंधा एबनी किंवा रोझवुडसारख्या जड, गडद लाकडाचा. या दोन लाकडांचा सांधा हे पारख्याचे पहिले लक्ष्य. हाताने सांधलेल्या काठीत ॲशच्या निमुळत्या केलेल्या दांड्यावर चारही बाजूंनी गडद लाकडाचे तुकडे सरसाने बसवून मग सगळे गोल रंधले जाते. त्यामुळे फिकट रंगात घुसणारी गडद टोके कमानीसारखी गोलसर येतात. यंत्राने खाचा पाडून दोन भाग एकमेकांत बसवले की तीच टोके अणकुचीदार आणि सरळ रेषांची होतात. यांत्रिक सांधा तुलनेने अलीकडचा. म्हणून त्याची काठी एकोणिसाव्या शतकातील म्हणून पुढे आली तर शंका घ्यावी. हातचा सांधा मात्र आजही करणारे कारागीर आहेत; म्हणून त्याच्यावरून उलट दिशेने काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी खूण बोटांना कळते. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वाढवलयांच्या कडेने ते अधिक आकसते, वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने कमी. त्यामुळे कातलेली किंवा रंधलेली कोणतीही गोल वस्तू दशकांनंतर किंचित लंबगोल होते. मोजपट्टीला हा फरक चुकतो, पण अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये काठी फिरवली की हाताला कळतो. एबनी आणि ॲश यांचे आकसणे भिन्न असल्यामुळे सांध्याच्या रेषेवर नखाला लागेल न लागेल असा उंचवटाही येतो. बुंध्यावर औंसांतील वजनाचा शिक्का पुष्कळदा असतो. काठी वाळली, घासली गेली, टोकाकडून कापली गेली की प्रत्यक्ष वजन त्या शिक्क्याशी जुळत नाही. मजा अशी की येथे विसंगती हा अस्सलपणाचा पुरावा ठरतो. शिक्का आणि तराजू यांचे तंतोतंत जमणे हेच जुन्या, वापरलेल्या म्हणवणाऱ्या काठीच्या बाबतीत संशयास्पद असते. पॉलिशचेही तसेच. जुने फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख (आणि ती लाख बहुतांशी हिंदुस्थानातूनच जात असे). ती मद्यार्काने पुन्हा विरघळते आणि अतिनील प्रकाशात नारिंगी झाक दाखवते. पॉलियुरेथेनचा थर असे करीत नाही.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत हे सारे हेतू आहेत, आणि हेतूचे सामर्थ्य व्याप्तीवर अवलंबून असते. जेथे जेथे लाखेचा लेप, तेथे तेथे शतकाचे वय, अशी व्याप्ती नाही. लाख आजही मिळते. जेथे लंबगोलपणा तेथे दीर्घ काळ, ही व्याप्ती त्याहून बळकट. पण जुन्या टेबलाच्या किंवा मोडक्या कपाटाच्या लाकडातून कोणी काठी घडवली तर लाकडाचे वय खरे आणि काठीचे वय खोटे. येथे हेतू सव्यभिचार होतो, म्हणजे साध्य असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही ठिकाणी तो आढळतो. शिवाय ही व्याप्ती देशकालनिरपेक्षही नाही. मुंबईसारख्या दमट किनाऱ्यावर अनेक पावसाळे फुगत आणि उन्हाळे आकसत काढलेली काठी आणि शेगडीने सुकवलेल्या इंग्लंडमधील खोलीत तेवढीच वर्षे उभी राहिलेली काठी, यांच्या म्हातारपणाची लक्षणे एक नसतात. लिव्हरपूलच्या काठ्यांवर तयार झालेली नजर जिमखान्यातील काठीला फार जुनी किंवा फार तरुण ठरवू शकते.

प्रयोगशाळा या पेचातून सोडवील ही अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात कर्बकालमापनाची पद्धत नेमकी याच काळाबाबत जवळजवळ मुकी आहे. सुमारे १६५० ते १९५० या तीन शतकांत वातावरणातील किरणोत्सारी कर्बाच्या प्रमाणात असे चढउतार झाले आहेत की त्या काळातील लाकडाचे नेमके दशक सांगता येत नाही. १९५०च्या दशकापासून झालेल्या अणुचाचण्यांनी मात्र हवेत इतका जादा कर्ब सोडला की त्यानंतर वाढलेले लाकूड किंवा हस्तिदंत ताबडतोब ओळखू येते. म्हणजे प्रयोगशाळा ‘ही काठी १८७० सालची आहे’ असे सांगू शकत नाही. ‘ही १८७० सालची असू शकत नाही’ एवढेच सांगू शकते. हीच एकमार्गी रचना इतर सर्व पुराव्यांतही आहे. वॉल्टर लिंड्रम या ऑस्ट्रेलियन खेळाडूने जानेवारी १९३२ मध्ये लंडनला ४१३७ गुणांचा ब्रेक केला. त्या विक्रमाच्या आकड्याची पट्टी मूळची बसवलेली काठी १९३२ पूर्वीची नाही, हे निर्विवाद. ती १९३३ सालची की आणखी बऱ्याच वर्षांनंतरची, याबद्दल आकडा गप्प आहे. बनावटपणा सिद्ध होतो. अस्सलपणा फक्त अद्याप खंडित झालेला नसतो. पारख्याच्या तोंडी ‘अस्सल’ हा शब्द येतो तेव्हा त्याचा तर्कदृष्ट्या मिळणारा अर्थ एवढाच : खोटे ठरवण्याचे प्रयत्न केले, ते निष्फळ झाले. बाजारात हा शब्द या अर्थाने कोणी वापरत नाही, हा भाग वेगळा.

अस्सल आणि नक्कल यांचे नाते किती विलक्षण वळण घेऊ शकते, याचे एक उदाहरण याच खेळाने दिले आहे. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंताला पर्याय शोधण्याच्या खटपटीतून जॉन वेस्ली हायट याने १८७०च्या सुमारास सेल्युलॉइड सिद्ध केले. चेंडूंसाठी ते फारसे सोयीचे ठरले नाही, पण पट्ट्या, कडी, मुठी, कंगवे यांत हस्तिदंताची जागा त्याने घेतली; काही प्रकारांत तर हस्तिदंतातील रेषांचीही नक्कल केली जाई. नक्कल म्हणूनच जन्मलेला हा पदार्थ पुढे स्वतः कालबाह्य झाला, आणि आज जुन्या काठीवरील पट्टी बोटाने घासून ऊब आल्यावर तिला कापराचा वास आला, की पारखी समाधानाने मान हलवतो. खोट्या हस्तिदंताचा खरेपणा हा आता वयाचा दाखला आहे. त्या जागी खरे, नवे हस्तिदंत बसवले तर काठी बनावट ठरेल. द्रव्याच्या पातळीवर खरे-खोटे नसतेच, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणे कठीण आहे.

या खुणा पुस्तकात लिहिता येतात. सराईत पारखी मात्र त्या एकेक तपासून निष्कर्षाला येत नाही. काठी हातात घेतल्याबरोबर त्याला काहीतरी पटते किंवा खटकते, आणि कारणे तो मागाहून शोधतो. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त रत्ने आणि नाणी पारखणाऱ्यांचे उदाहरण देऊन या ज्ञानाचे जे वर्णन केले आहे ते मुळातून विचारात घेण्याजोगे आहे. हे ज्ञान अभ्यासातून, म्हणजे सरावातून येते. ते अनुमान नव्हे. आणि ते दुसऱ्याला सांगून समजावता येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. आधुनिक मीमांसेत ‘मौन ज्ञान’ म्हणून ज्याची चर्चा होते तेच हे. भर्तृहरीचा रोख शुष्क तर्कावर विसंबणाऱ्यांविरुद्ध होता. परंतु त्याच्या निरीक्षणातून एक नैतिक अडचण उभी राहते, आणि तिचा विचार त्याला त्या संदर्भात करण्याचे कारण नव्हते. जे ज्ञान दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ते दुसऱ्याने स्वीकारावे कशाच्या जोरावर? ग्राहकाला काठी प्रत्यक्ष दिसते पण कळत नाही. अनुमान करण्याइतकी व्याप्ती त्याच्यापाशी नाही. त्याच्यापुढे एकच प्रमाण उरते : शब्द.

शब्दप्रमाणाची अट नैयायिकांनी नेमकी सांगितली आहे. वात्स्यायनाच्या मते आप्त तो, ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे पाहिले तसे सांगण्याच्या इच्छेनेच जो बोलतो. पहिली अट ज्ञानाची, दुसरी हेतूची. ज्ञान असूनही फसगत होऊ शकते, हे अब्राहम ब्रेडियस यांच्या उदाहरणाने जगाला ठाऊक झाले. व्हर्मीरच्या चित्रांचा अधिकारी म्हणून मान्यता पावलेल्या या विद्वानाने १९३७ मध्ये हान फान मेगेरेन याने रंगवलेले चित्र व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हणून गौरवले. १९४५ मध्ये मेगेरेननेच कबुली दिली नसती तर तो निर्णय किती काळ टिकला असता हे सांगणे अवघड आहे. ब्रेडियस यांची चूक ज्ञानाची होती, हेतूची नव्हे. जुन्या वस्तूंच्या व्यापारात दुसरी अटच बहुधा डळमळीत असते, कारण पारखी आणि विक्रेता पुष्कळदा एकच असतात. अशा माणसाने मौन ज्ञानाचा हवाला देणे हे नुसते ज्ञानशास्त्रीय विधान राहत नाही. ‘मला कळते, पण सांगता येत नाही’ हे वाक्य रत्नपारख्याच्या तोंडी प्रामाणिक असते. तेच किंमत सांगणाऱ्याच्या तोंडी आले की ते उलटतपासणीपासून स्वतःला सोडवून घेण्याचे साधन बनते. म्हणून हाताला जे कळले ते शक्य तेवढे खुणांच्या भाषेत आणून ठेवणे, आपला निर्णय दुसऱ्याला खोडता येईल अशा रूपात मांडणे, हे पारख्याचे पांडित्यप्रदर्शन नसून कर्तव्य ठरते. ते पूर्णपणे पार पाडता येणार नाही हे भर्तृहरीने सांगून ठेवले आहेच. पण तेवढ्याने ते माफ होत नाही.

शब्दावर किती भार टाकावा लागतो, हे या खेळाच्या एका शाखेच्या जन्मकथेतही दिसते. स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये सुरू झाला, ही आज सर्वमान्य असलेली माहिती मुख्यतः नेव्हिल चेंबरलेन यांनी १९३८ मध्ये, म्हणजे त्रेसष्ट वर्षांनंतर, ‘द फील्ड’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रावर उभी आहे. ही साक्ष खोटी मानण्याचे कारण नाही. पण एका संपूर्ण खेळाचे मूळ वृद्धाच्या आठवणीवर स्वीकारणारे जग एका काठीबद्दल कठोर पुराव्याचा आग्रह धरते, तेव्हा तो आग्रह सत्याच्या ओढीतून येतो की किमतीच्या, असे विचारणे गैर ठरणार नाही.

वाक्यात वसणारा हा अस्सलपणा नेमका कोणत्या शब्दात वसतो? तो बहुधा नामात नसतो, विभक्तीत असतो. पाणिनीने षष्ठीला अन्य कारकांत न बसणाऱ्या, उरलेल्या संबंधांची विभक्ती म्हणून स्थान दिले आणि महाभाष्यात तिचे अर्थ शंभराच्या घरात मोजलेले आहेत. मराठीतील ‘चा-ची-चे’ हा वारसा निमूटपणे चालवतात. ‘लिंड्रमची काठी’ म्हणजे लिंड्रमने वापरलेली, लिंड्रमच्या मालकीची, की लिंड्रमच्या नावाने कारखान्याने काढलेली? इंग्रजी काठ्यांच्या बुंध्यावर विजेत्या खेळाडूंच्या नावाच्या पट्ट्या बसवण्याचा प्रघात होता. त्या खेळाडूने ती काठी घडवली नव्हती, बहुधा पाहिलीही नव्हती. पट्टी खरी, कारखाना खरा, वय खरे. खोटे फक्त ऐकणाऱ्याने षष्ठीतून काढलेले अनुमान. विक्रेता खोटे बोललेला नसतो. त्याने विभक्ती उघडी ठेवलेली असते, आणि ती कोणत्या बाजूने भरली जाईल हे त्याला ठाऊक असते. उद्या पुण्यात कोणी ‘विल्सन जोन्स यांची काठी’ म्हणून एखादी जुनी काठी दाखवली, तर ती १९५८ साली जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवणाऱ्या, पुण्यातच जन्मलेल्या त्या खेळाडूच्या काळातील आहे एवढे लाकूड फार तर सांगेल. त्यांचा हात तिला लागला होता का, हे लाकडाला सांगता येत नाही. स्पर्श हा गुणधर्म मागे काहीही ठेवीत नाही. त्याचा पुरावा छायाचित्र, पत्र, साक्ष, म्हणजे पुन्हा शब्दच.

अमेरिकेतील जॉर्ज बालाबुश्का याच्या काठ्यांच्या बाबतीत ही षष्ठी कमालीची गुंतागुंतीची झाली आहे. रशियात १९१२ साली जन्मलेला, बालवयात अमेरिकेत आलेला हा सुतार १९५९च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये काठ्या करू लागला आणि १९७५ साली वारला. त्याच्या काठ्यांचा मान मोठा, किंमत मोठी, आणि म्हणून बनावटही पुष्कळ. पण अस्सल म्हणजे काय? चार टोकांचा, रंगीत व्हिनियरच्या पातळ थरांनी सजवलेला बुंध्याचा सांधा हे या काठ्यांचे सर्वांत दर्शनी वैशिष्ट्य. आणि हे सांधलेले बुंधे तो बहुधा इतरांकडून घेत असे. प्रारंभी ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ नावाच्या साध्या अखंड काठ्या कापून, पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी या कारागिरांकडून. म्हणजे अस्सल बालाबुश्कामध्ये सर्वांत दिसणारा भाग बालाबुश्काचा नव्हे. आणि टायटलिस्ट काठी तर नकलाकारालाही मिळू शकत होती; त्याने तीच कापली, तर नकलेतील लाकूड, सांधा, वय हे सारे अस्सलाइतकेच खरे. फरक उरतो तो कातण्याचा, जोड बसवण्याचा, प्रमाणाचा. म्हणजे पुन्हा मौन ज्ञानाच्या टापूतला.

यावर कळस असा की त्याच्या नावाला लोकप्रियता दिली ती १९८६ सालच्या ‘द कलर ऑफ मनी’ या मार्टिन स्कोर्सेसी यांच्या चित्रपटाने, आणि पडद्यावर बालाबुश्का म्हणून आदराने हाताळली जाणारी ती काठी प्रत्यक्षात ‘जॉस’ या दुसऱ्या कंपनीची होती. पुढे जपानच्या ‘ॲडम’ कंपनीने बालाबुश्काच्या नावाने काठ्या विकल्या. नावाचा कायदेशीर हक्क खरा, हात वेगळा. आता एखाद्या चित्रपटवेड्या संग्राहकाला पडद्यावरची ती जॉस काठीच हवी असेल, तर त्याच्यापुरती तीच अस्सल आणि बालाबुश्काने स्वतः केलेली काठी निरुपयोगी. रोलाँ बार्त यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस लेखकाचा मृत्यू घोषित केला. ती वार्ता लिलावगृहांपर्यंत अद्याप पोहोचलेली दिसत नाही. पण बार्त यांच्या समर्थकांनीही येथे थोडे थांबावे. कर्ता हा अर्थाचा उगम नव्हे असे म्हणून संहितेला मोकळे करता येते. खरेदीदाराला मात्र कर्ता हे केवळ एक ‘फल’ आहे असे सांगून मोकळे होता येत नाही. त्याने पैसे दिलेले असतात ते एका विशिष्ट षष्ठीवर विश्वास ठेवून. विश्वास दिला-घेतला गेला आहे तेथे कर्त्याचा प्रश्न तात्त्विक उलाढालीने मिटत नाही.

बनावट करणाऱ्याचा दोष सर्वांनाच मान्य असतो, म्हणून त्याच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. खरी अडचण आहे ती प्रामाणिक दुरुस्ती करणाऱ्याची. वाकलेली, सांध्यात उकललेली जुनी काठी त्याच्याकडे येते. तो तिचे जुने पॉलिश खरवडतो, सांधा उकलून आधुनिक गोंदाने बसवतो, लंबगोल झालेला दांडा पुन्हा गोल करतो, टोकाचे कडे बदलतो. काठी खेळण्याजोगी होते. ज्या कामासाठी ती जन्मली ते काम तिला पुन्हा करता येते. आणि वयाचा जो जो पुरावा तिच्या अंगावर होता, तो सारा खोलीच्या फरशीवर भुशात पडलेला असतो. उलट नकलाकार जुन्या खुणा डोळ्यात तेल घालून जपतो, कारण त्याचा धंदाच त्यांवर चालतो. हेतू शुद्ध असलेला पुरावा नष्ट करतो आणि हेतू दुष्ट असलेला तो राखतो. येथे कर्माचे मूल्य हेतूवर ठरवावे की परिणामावर, हा नीतिशास्त्रातील जुना वाद अगदी हातातल्या वस्तूवर येऊन बसतो. संग्राहक म्हणेल, काठीला हात लावू नका. पण न खेळता भिंतीवर टांगलेली काठी हीदेखील एका अर्थी मूळ वस्तू नव्हे. साधनाचे साधनत्व काढून घेणे हाही एक बदलच आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

मराठी वाचकाला या पेचाची ओळख ज्ञानेश्वरीच्या संहितेमुळे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ही दुरुस्तीच होती, आणि सर्व यशस्वी दुरुस्त्यांप्रमाणे तिनेही आधीच्या पाठांचे महत्त्व मागे सारले. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा तिचे वय मुख्यतः शब्दरूपांच्या खुणांवरून ठरवण्याची पाळी आली. मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांच्या तपासणीसाठी उरली नाही, त्यामुळे तो वादही लंबगोलपणा मोजण्यासाठी काठीच समोर नसावी अशा अवस्थेत राहिला. परंतु एकनाथांच्या कृतीत एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे त्यांना नुसते संस्कर्ते म्हणणे अपुरे वाटते. त्यांनी आपण काय केले, केव्हा केले आणि का केले हे ग्रंथाच्या शेवटी ओव्यांतच नोंदवून ठेवले, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असेही बजावले. दुरुस्तीची कबुली दुरुस्त केलेल्या संहितेचाच भाग झाली. जो कोणी प्रत उतरवील त्याला ती कबुलीही उतरवावी लागे.

काठीला अशी समाप्तीची ओवी नसते. प्रामाणिक दुरुस्तीकार एक चिठ्ठी लिहून देऊ शकतो : दांडा मूळचा, कडे नवे, पॉलिश नवे, टोकाकडून एवढे इंच कमी केले. अशी चिठ्ठी बरोबर असलेल्या काठीची किंमत चिठ्ठी नसलेल्या तशाच काठीपेक्षा कमी येते, म्हणून पहिल्याच विक्रीत ती गळून पडण्याचा मोह मालकाला होतो. आणि तिसऱ्या मालकाकडे पोहोचलेली काठी कोणीही खोटे न बोलता ‘मूळ स्थितीतील’ ठरलेली असते. संग्रहालयांतील जतनकार यावर एक तोड काढतात. नव्याने घातलेल्या लाकडावर, झाकल्या जाणाऱ्या पृष्ठभागी, ते वर्षाची खूण ठेवतात. काठीच्या सांध्यात असे करता येण्यासारखे आहे : नव्या गोंदाखाली, ॲश आणि एबनी यांच्या मध्ये, साल आणि नाव. ती खूण विक्रेत्याला काढता येणार नाही आणि ग्राहकाला दिसणार नाही. काठी पुन्हा त्याच ठिकाणी उकलली तरच ती वाचता येईल.